हजाराच्या आतबाहेरची वाइन: चव घ्यायची कशी, लिहायची कशी

‘स्मूथ आहे’, ‘फ्रूटी आहे’, ‘जरा स्ट्राँग वाटते’. वाइनबद्दलच्या बहुतेक नोंदी या तीन शब्दांवर संपतात. महिन्याभराने तीच वही उघडली तर कोणती बाटली आंबट होती, कोणती तुरट, पुन्हा घ्यावी की नाही, यातलं काहीच कळत नाही. याच्या उलट टोकाला असतात ते पहिल्याच वासाला ‘ब्लॅक करंट, सीडर, टोबॅको’ म्हणणारे. त्यांनी ब्लॅक करंट खाल्लेलं नसतं, लेबलाच्या पाठीवर वाचलेलं असतं.

दोघांचंही एकाच ठिकाणी बिघडतं. गोडी, आंबटपणा, तुरटपणा, दारूची ऊब आणि अंग (तोंडात वाटणारं वजन) या पाच गोष्टी आधी मोजायच्या आणि फळाफुलांची नावं नंतर ठरवायची. खाली दिलेला क्रम त्यासाठीच आहे. उदाहरणं नाशिक आणि अकलूजकडच्या वाइनची घेतली आहेत, कारण आपल्याकडच्या दुकानात साधारण हजार रुपयांच्या आसपास त्याच सहज मिळतात. (महाराष्ट्रात वाइनसाठी किमान वय २१ आहे आणि परवानाही लागतो. चव घेऊन झाल्यावर गाडी चालवायची नाही, हे गृहीत धरलं आहे.)

## १. बाटल्या जोडीने घ्या

एकटी बाटली फार काही शिकवत नाही. ती आंबट आहे का, याचं उत्तर ‘कशापेक्षा?’ असा प्रश्न विचारल्यावरच मिळतं. म्हणून दोन पांढऱ्या आणि दोन लाल घ्या, आणि जोडीत एकच मोठा फरक ठेवा.

पांढऱ्यांत सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां (ही द्राक्षांच्या जातींची नावं, लेबलावर असतात) ही जोडी सुरुवातीला सर्वांत उपयोगी. पहिली बहुधा कोरडी (म्हणजे साखर नसलेली), आंबट आणि हिरव्या वासाची असते. दुसरी आपल्याकडे बरेचदा अर्धगोड बनवतात. नाशिकच्या सुला कंपनीची शेनिन ब्लां तशीच आहे. लालमध्ये शिराझ आणि कॅबरने सोव्हिन्यों घ्या. पुढच्या खेपेला सांजोव्हेझेसारखी आंबटसर लाल आणा. अकलूजच्या फ्रातेल्ली कंपनीची मिळते.

गोव्यात ‘पोर्ट’ नावाने मिळणारी स्वस्त गोड लाल वाइन या सरावात नको. तिच्यातल्या साखरेखाली तुरटपणा आणि आंबटपणा दोन्ही दडतात. शिकायचं तेच दिसेनासं होतं.

लेबलावरचं वर्ष बघा. आपल्याकडची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये काढतात, म्हणजे बाटलीवर २०२४ असेल तर ती वाइन त्या वर्षाच्या सुरुवातीची. या किमतीची पांढरी वाइन एक-दोन वर्षांत प्यायची असते, लाल दोन-तीन वर्षांत. ‘जुनी म्हणजे चांगली’ हा नियम इथे उलटा लागू पडतो.

तपासा: दुकानात बाटली उन्हात किंवा दिव्याखाली उभी आहे का? बूच तोंडातून वर सरकलं आहे का? बुचाभोवती चिकट ओघळ आहे का? यातलं एक जरी दिसलं तरी ती ठेवा आणि दुसरी मागा. एप्रिल-मे महिन्यात पंखाही नसलेल्या दुकानातून पांढरी वाइन न घेतलेली बरी. फिरकीच्या झाकणाला मात्र नाक मुरडू नका. लवकर प्यायच्या वाइनला ते बुचाइतकंच चांगलं, आणि बुचाच्या बुरशीची भीती जवळपास संपते.

माणसं कमी असतील तर ३७५ मिलीच्या अर्ध्या बाटल्या मिळतात का ते विचारा. ७५० मिलीच्या बाटलीतून ५० मिलीचे १५ ग्लास निघतात.

## २. खोली, ग्लास, तोंड

सर्वांत जास्त घोटाळा आपल्या घरातल्या वासांनी होतो. फोडणी, उदबत्ती, अत्तर, डास पळवायची वडी, कपाळाला लावलेला बाम, हातावरचं सॅनिटायझर. यातलं काही असेल तर त्या दिवशी वाइन हुंगणं व्यर्थ. स्वयंपाकाच्या आधी, खिडक्या उघडून, शक्यतो सकाळी अकराच्या सुमारास बसा. ते जमणार नसेल तर संध्याकाळी, पण कढई चढायच्या आत.

आधीचा तासभर चहा, कॉफी, पान, सुपारी, तंबाखू, बडीशेप, टूथपेस्ट काही नको. सर्दी असेल तर बेत पुढे ढकला.

ग्लास काचेचा, दांड्याचा आणि तोंडाशी निमुळता हवा. महाग असण्याची गरज नाही, पण सगळे एकसारखे हवेत. स्टीलचा पेला, कागदी कप, जाड काचेचा रुंद पाण्याचा ग्लास हे तिन्ही बाद.

तपासा: रिकामा ग्लास हुंगा. कपाटातल्या लाकडाचा, भांड्याच्या साबणाचा किंवा ओलसर फडक्याचा वास आला तर नुसत्या गरम पाण्याने धुऊन उपडा ठेवा आणि हवेवर सुकू द्या. फडक्याने पुसू नका. ‘या वाइनला दमट वास आहे’ या तक्रारीचं मूळ बरेचदा बाटलीत नसून फडक्यात असतं.

टेबलावर पांढरा कागद, पेन, साधं पाणी, साधा पाव आणि प्रत्येकासाठी थुंकायला एक मग ठेवा. हो, थुंकायचंच. चार वाइनचे ५०-५० मिली पोटात गेले की चौथ्या वाइनबद्दलचं मत त्या वाइनचं राहत नाही. शेव, फरसाण, मसाला शेंगदाणे आणि चीज नोंदी लिहून झाल्यावर बाहेर काढा. तिखट आणि खारट तोंडाला लाल वाइन भलतीच वेगळी लागते.

## ३. तापमान: इथेच निम्मी नोंद बिघडते

‘लाल वाइन रूम टेंपरेचरला’ हे वाक्य थंड देशांतल्या घरांसाठी आहे. नागपुरात मे महिन्यात घरातलं तापमान ३५ अंशांच्या पुढे असतं, पुण्या-मुंबईतही वर्षाचा बराच काळ ते २८-३० असतं. त्या तापमानाला लाल वाइनमधून दारूची वाफ आधी नाकात जाते, फळ मागे पडतं, आणि नोंद होते: ‘स्ट्राँग’. दुसरीकडे, फ्रिजमधून काढून लगेच ओतलेली पांढरी ४-५ अंशांवर असते. तिचा वास मिटलेला असतो आणि हाती नुसता आंबट गारवा लागतो.

पांढरी वाइन ८ ते १२ अंशांना आणि लाल १५ ते १८ अंशांना चाखा.

पांढरी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली असेल तर ओतण्याआधी १५-२० मिनिटं बाहेर काढा. लाल तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवा. घाई असेल तर बादलीत अर्धा बर्फ आणि अर्धं पाणी घ्या, बाटली मानेपर्यंत बुडवा. लालला १०-१२ मिनिटं पुरतात, पांढरीला २०-२५. नुसता बर्फ नको, पाणी हवंच, कारण बर्फाचे खडे काचेला जागोजागीच टेकतात. फ्रीझरमध्ये ठेवून विसरू नका, बूच उडतं किंवा बाटली तडकते.

स्वयंपाकघरातला थर्मामीटर असेल तर ग्लासातली वाइन मोजा आणि आकडा नोंदीत लिहा. ग्लासात बर्फाचा खडा टाकून पिणं हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण त्यावर चवीची नोंद लिहू नका.

## ४. जीभ लावून घ्या

हा टप्पा सगळे गाळतात, आणि आंबट, तुरट व कडू यांची सरमिसळ होते ती त्यामुळेच. चार ग्लास भरा:

१. साधं पाणी.
२. एक ग्लास पाण्यात दोन चमचे लिंबाचा रस.
३. तेच लिंबूपाणी, त्यात दोन चमचे साखर.
४. कोरा कडक चहा, पाच-सात मिनिटं उकळून गार केलेला, बिनसाखरेचा.

दुसऱ्या ग्लासाचा घोट घ्या, थुंका आणि मान थोडी खाली करा. गालांच्या आतून लाळ सुटते. हा आंबटपणा. चौथ्याचा घोट घ्या आणि जीभ वरच्या हिरडीवरून फिरवा. हिरडी खरखरीत, कोरडी लागते. हा तुरटपणा, वाइनमध्ये तो द्राक्षाच्या सालीतल्या आणि बियांतल्या टॅनिनमुळे येतो. एकाने तोंडाला पाणी सुटतं, दुसऱ्याने तोंड सुकतं. चहाचा कडवटपणा त्याहून निराळा: तो खरखर नाही, चव आहे, आणि गिळल्यावर मागे रेंगाळतो.

आता तिसरा ग्लास. त्यात लिंबू दुसऱ्याइतकंच आहे, तरी ते कमी आंबट लागतं. अर्धगोड शेनिन ब्लां ‘मऊ’ वाटते त्याचं कारण हे. आंबटपणा तिथेच असतो, साखर त्याच्यापुढे उभी असते. म्हणून गोड वाइनचा आंबटपणा जिभेने नव्हे, थुंकल्यानंतरच्या लाळेने मोजायचा.

सावधान: जिभेच्या टोकाला गोड, कडेला आंबट, मागे कडू असा नकाशा शाळेत पाहिला असेल तर विसरा. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात. वाइन तोंडभर फिरवायला हवी ती त्यामुळे.

## ५. क्रम आणि झाकपाक

पांढरी आधी, लाल नंतर. कोरडी आधी, गोड नंतर. हलकी आधी, जड नंतर. दोन नियमांत भांडण झालं तर गोडीचा नियम पाळा. गोड वाइननंतर आलेली कोरडी वाइन विनाकारण आंबट ठरते.

बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, क्रमांक टाका आणि किंमत कोणालाही सांगू नका. दीड हजाराची बाटली समोर दिसली की तिच्यात आपोआप चार जास्तीची फळं सापडतात. आणखी एक नियम कडक पाळा: सगळ्यांचं लिहून होईपर्यंत कोणी बोलायचं नाही. टेबलावर एकाने ‘पेरू!’ म्हटलं की पुढची दहा मिनिटं सगळ्यांना पेरूच येतो. ओळखीतला सर्वांत जाणकार माणूस सर्वांत शेवटी बोलला पाहिजे.

प्रत्येक ग्लासात ५० मिलीच ओता. ग्लास अर्धा भरला तर फिरवताना सांडतो आणि वास साठायला जागा राहत नाही.

## ६. बघा, पण थोडक्यात

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा. पांढरी वाइन वयाबरोबर गडद होत सोनेरी, मग तपकिरीकडे जाते. लाल उलट, फिकी होत कडेला विटकरी दिसते. गेल्या वर्षीची पांढरी वाइन तपकिरी दिसली तर शंका घ्या. काचेवरून उतरणाऱ्या धारा बघून ‘दर्जेदार’ म्हणू नका; त्या मुख्यतः दारूच्या प्रमाणामुळे येतात. या टप्प्याला एक ओळ पुरे.

## ७. हुंगा

न हलवता एकदा हुंगा. मग ग्लास टेबलावर ठेवूनच तीन-चार गोल फिरवा आणि पुन्हा हुंगा. दम लागेपर्यंत लांब श्वास घेऊ नका, दोन-तीन छोटे श्वास पुरतात. नाक थकलं की स्वतःच्या मनगटाची आतली बाजू हुंगा आणि अर्धा मिनिट थांबा.

आधी दोष तपासा. दोष असलेल्या बाटलीचं वर्णन लिहून उपयोग नाही.

भिजलेल्या पुठ्ठ्याचा किंवा तळघराचा वास येऊन फळ गायब असेल तर बूच बिघडलेलं आहे. तो वास वेळेनुसार वाढतो, जात नाही. नेलपॉलिश किंवा व्हिनेगर ठळकपणे आलं तर वाइन आंबायला लागली आहे. फार पिकलेल्या सफरचंदाचा किंवा शिळ्या सुक्या मेव्याचा वास आणि चव सपाट, म्हणजे हवा लागली. फळ ताजं न वाटता शिजवलेल्या मुरंब्यासारखं आलं तर बाटली कुठेतरी तापली आहे. आपल्या हवेत सर्वांत जास्त सापडणारा दोष हाच. सडक्या अंड्याचा किंवा काडेपेटीचा वास मात्र घाईने दोषात टाकू नका. ग्लास जोरात फिरवा आणि दहा मिनिटं थांबा, बरेचदा तो उडून जातो.

आता नावं. थेट एका फळावर उडी मारू नका. आधी घराणं ठरवा: फळ, फूल, हिरवं पान, मसाला, लाकूड, माती. फळ असेल तर आंबट की गोड, कच्चं की पिकलेलं, ताजं की सुकं? त्यानंतर नाव. आणि नाव आपण खाल्लेल्या वस्तूचं. गूसबेरी आठवत नसेल तर आवळा, कैरी किंवा कच्चा पेरू यांतलं जे खरंच आलं ते लिहा.

सोव्हिन्यों ब्लांमध्ये हिरवी ढोबळी मिरची, कापलेलं गवत, पेरू, लिंबाची साल शोधा. शेनिन ब्लांमध्ये सफरचंद, पेअर, अननस, मध. शिराझमध्ये जांभूळ, करवंद, आणि बरेचदा ताजी कुटलेली काळी मिरी. ही मिरी नुसती कल्पना नव्हे: रोटुंडोन नावाचं एकच रसायन मिऱ्यात आणि शिराझच्या द्राक्षात दोन्हीकडे असतं. गंमत म्हणजे काही माणसांना ते अजिबात जाणवत नाही, तेव्हा शेजाऱ्याला मिरी आली आणि तुम्हाला नाही यावर वाद घालू नका. कॅबरनेत गडद फळं आणि मागे ढोबळी मिरची. ती फार पुढे आली तर द्राक्ष पुरतं पिकलं नव्हतं. झिनफँडेलमध्ये तुती आणि जॅम.

लवंग, व्हॅनिला, ओलं किंवा भाजलेलं खोबरं हे वास ओक लाकडातून येतात, वाइन त्याच्या पिंपांत मुरवतात तेव्हा. आपल्या स्वयंपाकघरातले असल्याने ते आपल्याला चटकन सापडतात. स्वस्त वाइनला ओकची चव देण्यासाठी पिंपाऐवजी लाकडाचे तुकडे किंवा फळ्या वापरण्याची पद्धत जगभर आहे. नाकात व्हॅनिला भरून आला आणि घोट घेतल्यावर मागे काहीच उरलं नाही, तर तसं स्पष्ट लिहा.

तपासा: तीनपेक्षा जास्त नावं झाली का? खोडा. या किमतीच्या वाइनमध्ये दोन-तीन वास नीट ओळखले तर काम झालं.

## ८. घोट: एका वेळी एकच प्रश्न

पहिला घोट तोंड ओलं करायला. त्याची नोंद करायची नाही, कारण पाणी आणि पाव यांच्यानंतर आलेली कोणतीही वाइन आंबट वाटते. पुढचे घोट साधारण एक मोठा चमचाभर. पाच-सहा सेकंद तोंडात फिरवा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा, मग थुंका.

दुसरा घोट: गोडी आणि आंबटपणा. इथे एक चूक हटकून होते. पेरू-अननसाचा वास आला की मेंदू ‘गोड’ म्हणतो. म्हणून नाक चिमटीत धरून घोट घ्या. नाक बंद असताना जिभेवर गोडी असेल तर साखर आहे. नसेल तर ती फळाच्या वासाची होती आणि वाइन कोरडी आहे. मग नाक सोडा, थुंका, लाळ बघा. आंबटपणा कमी, मध्यम की जास्त, एक शब्द लिहा.

तिसरा घोट: तुरटपणा आणि ऊब. जीभ हिरडीवर फिरवा आणि चहाचा ग्लास आठवा. किती तुरट हे तर लिहाच, कसं तेही लिहा: कच्च्या केळ्यासारखं चरचरीत, की बारीक, मऊ? पांढऱ्यांत हा रकाना बहुधा रिकामा राहील. ऊब घशात कळते. लेबलावर दारू १३ टक्केच असूनही घसा जळत असेल तर आधी तापमान मोजा. वाइन गरम झाली असण्याची शक्यता जास्त.

चौथा घोट: अंग आणि टिकाव. अंग म्हणजे तोंडात वाटणारं वजन. पातळ ताक आणि दाट ताक यांत जो फरक, तोच हलक्या आणि भरल्या अंगाच्या वाइनमध्ये. थुंकल्यावर मनात सेकंद मोजा. फळाची चव कधी संपली तो आकडा लिहा. नुसती ऊब किंवा तुरटपणा राहिला असेल तर तो टिकावात धरू नका.

सावधान: तुरट लागली म्हणून लाल वाइनला ‘कोरडी’ लिहू नका. कोरडी म्हणजे साखर नसलेली. तोंड सुकवणारी वाइन गोडही असू शकते.

दोन्ही ग्लास शेजारी ठेवून पुन्हा एकदा चाखा. जोडीचा खरा उपयोग इथे होतो. ‘क्रमांक १ दोनपेक्षा आंबट, अंगाने हलकी, टिकाव जवळपास सारखा’ हे एक वाक्य दहा विशेषणांपेक्षा कामाचं.

## ९. नोंद

‘स्मूथ’ लिहावंसं वाटलं तर विचारा: तुरटपणा कमी, की थोडी साखर, की आंबटपणा कमी? जे असेल ते लिहा. ‘फ्रूटी’ला कोणतं फळ, ‘स्ट्राँग’ला ऊब की तुरटपणा की लाकूड. ‘संतुलित’ हा शब्द पहिल्या काही महिन्यांत वापरूच नका.

नमुना, पांढरी: *फिकट पिवळी, हिरवट झाक. वास ठळक: कच्चा पेरू, लिंबाची साल, मागे ढोबळी मिरची. कोरडी. आंबटपणा जास्त. अंग हलकं. ऊब नाही. टिकाव ६ सेकंद, शेवटी किंचित कडसर. १० अंशांना छान, १५ ला वास सपाट. तळलेल्या बोंबलाबरोबर पुन्हा घेईन.*

नमुना, लाल: *गडद जांभळी. जांभूळ, मिरी, व्हॅनिला जरा जास्तच. कोरडी. आंबटपणा मध्यम, तुरटपणा मध्यम पण चरचरीत. अंग भरलेलं, घशात ऊब. टिकाव ५ सेकंद. फळ आधी जातं, लाकूड उरतं. १६ अंश. नुसती नको, मटणाबरोबर चालेल.*

आवडनिवड शेवटच्या वाक्यात. ती आधी लिहिली की वरच्या सगळ्या ओळी तिच्या बाजूने साक्ष द्यायला लागतात.

आता बाटल्यांवरचे कागद सोडा, नावं आणि किमती बघा. नोंद बदलायची नाही. लेबलावरचं काही पटलं तर वेगळ्या शाईने खाली लिहा.

## १०. स्वतःची परीक्षा

दुसऱ्या कोणालातरी तीन ग्लास भरायला सांगा: दोनांत एकच वाइन, तिसऱ्यात वेगळी. तापमान तिन्हींचं सारखं. वेगळा ग्लास ओळखा. जागा बदलून पाच वेळा करा. नुसत्या अंदाजाने पाचांत एक-दोन वेळा बरोबर येईलच, त्यामुळे चार किंवा पाच आले तरच त्या दोन वाइनमधला फरक तुम्हाला खरोखर कळतो असं धरा. न आल्यास त्या जोडीबद्दलच्या बारकाव्यांवर फार विसंबू नका, आणि पुढच्या खेपेला त्या दोनांतली स्वस्त घ्या.

उरलेल्या बाटल्या, लालसुद्धा, झाकण लावून फ्रिजमध्ये उभ्या ठेवा. अर्ध्याहून कमी उरली असेल तर लहान स्वच्छ बाटलीत गळ्यापर्यंत भरा म्हणजे हवा कमी राहते. दुसऱ्या दिवशी त्याच तापमानाला आणून, जुनी नोंद न वाचता पुन्हा लिहा. चरचरीत लाल वाइन बरेचदा जरा मऊ झालेली असते, पांढरीचा वास उतरलेला असतो. आंबटपणा आणि गोडी मात्र कालच्यासारखीच यायला हवी. ती वेगळी आली तर टप्पा ४ पुन्हा करा, लिंबाचा ग्लास धरून.